शाईत बुडवलेली मुलं

"सप्रेम नमस्कार. आम्ही काही वर्षांपासून फ्रांकफुर्टजवळ राहतो. मुलगी सात वर्षांची, दुसरीत आहे. शेजारच्या जर्मन आजी ऐंशीच्या पुढच्या, लेकीला फार जीव लावतात. मागच्या महिन्यात त्यांनी स्वतःच्या लहानपणीचं चित्रांचं पुस्तक आणि त्यांच्या आईचा एक अल्बम तिला भेट दिला. पुस्तकातल्या एका गोष्टीत तीन मुलं एका काळ्या मुलाला चिडवतात, म्हणून त्यांना शाईत बुडवून काळं केलं जातं. अल्बममध्ये देशोदेशीच्या माणसांची रंगीत चित्रं आहेत. भारताच्या पानावर फेटेवाला गारुडी आणि हत्ती. लेकीने विचारलं, 'आई, मलापण कुणी शाईत बुडवलं होतं का?' मला काही बोलताच आलं नाही. नवरा म्हणतो, दोन्ही रद्दीत टाक. सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, 'एवढं काय मनावर घेतेस, साय-बेसन लावत जा, उजळेल पोरगी.' आजींना दुखवायचं नाही. काय करू?"
— एक आई, फ्रांकफुर्ट परिसर

नमस्कार.

पुस्तकाचं नंतर बघू. आधी लेकीला उत्तर द्या. तिने विचारून इतके दिवस झाले आणि अजून तिला कुणी काही सांगितलेलं दिसत नाही. मोठी माणसं गप्प झाली की मूल आपलं आपण उत्तर तयार करतं, आणि ते बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा वाईट असतं. आजच, वेणी घालताना किंवा दप्तर भरताना, सहज सांगा: नाही गं, तुला कुणी कशात बुडवलं नाही. तुझा रंग माझ्याकडून आणि बाबांकडून आला, आम्हाला तो आजी-आजोबांकडून. प्रत्येकाच्या कातडीत मेलॅनिन नावाचं द्रव्य असतं, शेजारच्या आजींच्याही असतं. आपल्यात ते जरा जास्त आहे आणि ते उन्हापासून राखण करतं. शाई धुतली की जाते. हा रंग जात नाही आणि तो जायचं काही कारणही नाही. एवढंच. तिने पुढे विचारलं तर पुढे बोला, नाहीतर दप्तर भरा.

आता पुस्तक. तुमच्या वर्णनावरून ते 'श्ट्रुव्वेलपेटर' आहे आणि ते तुमच्याच परिसरात जन्मलेलं आहे. हाइनरिश हॉफमन हा फ्रांकफुर्टचा डॉक्टर. १८४४ च्या नाताळात तीन वर्षांच्या मुलासाठी त्याला बाजारात मनासारखं पुस्तक मिळालं नाही. मग एक कोरी वही आणून त्याने स्वतःच चित्रं काढली, पद्यं जुळवली. आजारी मुलं डॉक्टरला पाहून रडायला लागली की तो कागदावर काहीतरी रेखाटून त्यांना गप्प करायचा, त्यामुळे हात तयार होता. १८४५ मध्ये पुस्तक छापून निघालं आणि तेव्हापासून जर्मन घरांतून ते हललेलं नाही. अंगठा चोखणाऱ्या मुलाचे अंगठे शिंपी कात्रीने छाटतो, सूप नको म्हणणारा पोरगा पाच दिवसांत वाळून मरतो, असल्या गोष्टींवर तिथल्या कित्येक पिढ्या हसत मोठ्या झाल्या. तुमच्या शेजारच्या आजीही त्यातल्याच.

काळ्या मुलाची गोष्ट पहिल्या आवृत्तीपासून त्यात आहे. ऊन लागतं म्हणून तो छत्री घेऊन वेशीबाहेर फिरायला निघालाय. लुडविग, कास्पर आणि विल्हेल्म त्याची टर उडवतात. झगा घातलेला उंच निकोलस त्यांना बजावतो, की तुमच्याइतका तो गोरा नाही यात त्याचा काय दोष? ती ऐकत नाहीत, मग निकोलस तिघांना भल्यामोठ्या दौतीत बुचकळतो. शेवटच्या चित्रात तिघंही त्या मुलापेक्षा काळी होऊन त्याच्यामागून चाललेली आहेत.

या गोष्टीची बाजू घेणारे लोक आहेत आणि त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. १८४५ साली, मुलांच्या पुस्तकात, रंगावरून चिडवणाऱ्यांना शिक्षा होते, हे थोडं नाही. हॉफमनचा हेतू चांगला होता असं मीही मानते. पण पान पुन्हा नीट बघा. तिन्ही गोऱ्या मुलांना नावं आहेत, निकोलसला नाव आहे, छत्रीवाल्याला नाही. तो अख्ख्या गोष्टीत एक अक्षर बोलत नाही. वेशीबाहेर हिंडणाऱ्या त्या मुलाच्या अंगावर धड कपडे नाहीत, नुसती तोकडी चड्डी. बाकी सगळे टोपी-कोटात. निकोलसची सहानुभूतीसुद्धा 'बिचाऱ्याचा काय दोष' या जातीची आहे, म्हणजे दोष आहे हे धरूनच चाललंय. आणि मूळ गोम अशी, की काळं होणं ही इथे शिक्षा आहे. तुमच्या लेकीने गोष्टीचं तात्पर्य बाजूला सारून नेमकं हेच उचललं. मुलं आधी चित्र वाचतात, मजकूर नंतर. तिचं वाचन चुकलेलं नाही, हे तुम्ही मनाशी पक्कं करा.

अल्बमची कुळकथा याहून जुनी आहे, आणि ती तुम्हाला ठाऊक असली तर लेकीशी बोलायला बळ येईल, म्हणून जरा सविस्तर सांगते.

युरोपात मुलांसाठी चित्रं घालून केलेलं पहिलं गाजलेलं पाठ्यपुस्तक म्हणजे कोमेनियस या चेक शिक्षणतज्ज्ञाचं 'ऑर्बिस पिक्टस'. न्यूरेंबर्ग, १६५८, लॅटिन आणि जर्मन शेजारी शेजारी. दगड, पाऊस, सुतार, शाळा, सगळं जग दीडशे धड्यांत आणि लाकडी ठशांत. अतिशय प्रेमाने केलेलं पुस्तक. त्यातच मूर्तिपूजकांचा एक धडा आहे, आणि 'इंडियन' लोक आजही सैतानाची पूजा करतात असं त्यात मुलांना शिकवलेलं आहे. इंडियन म्हणजे अमेरिकेतले की आपल्याकडचे, हा फरक त्या काळी फारसा कुणी करत नसे. मात्र सैतान कुठून आला याचा माग लागतो. लुदोविको दी वार्थेमा नावाच्या इटालियन प्रवाशाने १५१० मध्ये कालिकतच्या देवाचं वर्णन शिंगं आणि सुळे असलेला राक्षस म्हणून केलं. पाच वर्षांनी आउग्सबुर्गच्या यॉर्ग ब्रॉयने त्या वर्णनावरून चित्र काढलं. त्याने कालिकत पाहिलं नव्हतं, पण चर्चच्या भिंतींवरचा सैतान लहानपणापासून पाहिला होता. तोच त्याने काढला. कला-इतिहासकार पार्थ मित्तर यांनी या असल्या चित्रांवर १९७७ मध्ये एक अख्खा ग्रंथ लिहिला आहे. कधी हाती लागला तर जरूर चाळा.

न पाहता काढणं हा अपवाद नव्हता, तो धंद्याचा रिवाजच होता. तुमच्या फ्रांकफुर्टचंच घ्या. थिओडोर द ब्री हा ताम्रपट कोरणारा १५९० पासून तिथे अमेरिकेच्या सफरींचे सचित्र खंड छापत होता, स्वतः युरोपाबाहेर पाऊल न टाकता. यात आपलं गोवंही आहे. लिन्स्खोटेन नावाचा डच तरुण १५८३ मध्ये गोव्यात आला, आर्चबिशपचा लेखनिक म्हणून काही वर्षं राहिला आणि १५९६ मध्ये ॲम्स्टरडॅमला त्याचं प्रवासवर्णन निघालं. बाजार, पालख्या, लग्नाच्या मिरवणुका, सगळं त्यात आहे. ती चित्रं डच कोरक्यांनी कोरली, मग द ब्रीच्या मुलांनी ती फ्रांकफुर्टमध्ये नव्याने कोरून घेतली. डोळ्यांनी पाहिलेल्या माणसापासून सुरुवात होऊनही, इतक्या हातांतून जाता जाता गोव्याची माणसं युरोपीय चित्रशाळेत शिकवल्या जाणाऱ्या बांध्याची आणि पवित्र्याची झाली. राहिला तो वेश आणि हातातली वस्तू.

'वेश आणि वस्तू' हाच पुढे साचा झाला. चेझारे रिपा या इटालियन लेखकाच्या चिन्हकोशात चार खंड म्हणजे चार बायका: युरोपच्या डोक्यावर मुकुट, आशियाजवळ उंट आणि धूपपात्र, आफ्रिकेच्या डोक्यावर हत्तीचं तोंड, अमेरिकेच्या डोक्यावर पिसं आणि पायाशी तोडलेलं मुंडकं. पुढची दोन-तीनशे वर्षं चित्रकारांना आशिया काढायचा तर उंट हाताशी तयार. मुलांसाठी तर ही सोय फारच मोठी. एक फेटा, एक ताडाचं झाड, झाला देश.

अठराव्या शतकात याला शास्त्राचा रंग चढला. वायमारचा प्रकाशक फ्रीडरिश युस्टिन बेर्टुख १७९० पासून 'मुलांसाठी चित्रांचं पुस्तक' हप्त्याहप्त्याने काढू लागला. ते १८३० पर्यंत चाललं, बारा खंड, हजारावर चित्रपानं, हाताने रंगवलेली. चित्रं सुंदर आणि अचूक हवीत हा त्याचा आग्रह होता. प्राणी, वनस्पती, अवशेष यांच्यासोबत परदेशी माणसंही त्यात आली, आणि आली ती तशाच मांडणीत: कोऱ्या पार्श्वभूमीवर सुटी उभी, खाली क्रमांक. फुलपाखरासारखी टाचलेली. त्यात टिंगल अजिबात नाही, आणि म्हणूनच ती चित्रं मला 'श्ट्रुव्वेलपेटर'पेक्षा जास्त खटकतात. टिंगल मुलाला ओळखू येते. क्रमांक घालून दिलेली माहिती ते मुकाट्याने मान्य करतं.

आजींच्या आईचा अल्बम बहुधा मालाबरोबर फुकट मिळणाऱ्या चित्रांचा असावा. दगडी छपाईने रंगीत चित्रं स्वस्त झाली आणि १८७० च्या दशकापासून लीबिग कंपनी आपल्या मांसाच्या अर्काबरोबर असे संच देऊ लागली. कोलोनच्या श्टोलवेर्कने चॉकलेटबरोबर दिले. मुलांनी सहा चित्रं जमवायची, अल्बममध्ये चिकटवायची, हट्ट करून आईला पुढची बरणी आणायला लावायची. त्याच काळात हांबुर्गचा हागेनबेक जनावरांसोबत परदेशी माणसांचे खेळ गावोगाव नेत होता आणि मुलं तिकीट काढून ते बघत होती. गारुडी आणि हत्ती या बाजारातून आले. कारखानदाराला भारत समजावून सांगायचा नव्हता, बरणी खपवायची होती. ब्रिटिशांनी तर लपवाछपवीही केली नाही. १८९९ मध्ये लंडनला निघालेल्या 'बाळ-देशभक्तां'च्या बाराखडीत 'आय' म्हणजे इंडिया, जिथे सगळे वाघ मारायला आणि मेजवान्या झोडायला जातात. तिथे राहणारी माणसं त्या कडव्यात नाहीत.

तुम्ही म्हणाल, बिचाऱ्यांनी पाहिलं नव्हतं, पाहिलं असतं तर बरं काढलं असतं. तसं नाही, आणि त्याचा दाखला आपल्या मुंबईशी जोडलेला आहे. हेलन बॅनरमन ही एडिंबराची बाई, १८८९ मध्ये लग्न करून हिंदुस्थानात आली आणि जवळजवळ तीस वर्षं मद्रास-मुंबईकडे राहिली. नवरा लष्करी डॉक्टर. प्लेगच्या साथीत हाफकिन यांच्या लशीच्या कामात होता, पुढे परळच्या प्लेग प्रयोगशाळेचा प्रमुखही झाला. हेलनने आपल्या मुलींसाठी एक गोष्ट लिहिली: एक काळा मुलगा, त्याचे नवे कपडे हिसकावणारे वाघ, भांडता भांडता झाडाभोवती फिरून वितळलेले वाघ, आणि त्यांचं झालेलं साजूक तूप, ज्यात आई धिरडी तळते. वाघ, बाजार, तूप, सगळं इथलं. मुलगा हुशार, आईबाप प्रेमळ. आणि चित्रं? फुगवलेले ओठ, बटबटीत डोळे, अमेरिकी तमाशांत गोरे नट तोंडाला काजळी फासून काळ्या माणसांची सोंगं काढायचे तशी. दारात रोज माणसं दिसत असताना बाईंनी कागदावर ते सोंग उतरवलं. १८९९ मध्ये अवघ्या पाच पौंडांना हक्क विकले गेले, त्यामुळे नंतर अमेरिकेत कुणीही ती छापली आणि चित्रं आणखी विद्रूप केली. नायकाचं नाव घेऊन तिथे काळ्या मुलांना चिडवलं जाऊ लागलं. १९९६ मध्ये फ्रेड मार्सेलिनो या चित्रकाराने मजकूर जवळपास तसाच ठेवून, नावं बदलून, मुलगा भारतीय दिसेल अशी नवी चित्रं काढली, आणि गोष्ट एकदम गोड झाली. 'द स्टोरी ऑफ लिटल बाबाजी' नावाचं हे नवं पुस्तक ग्रंथालयातून मागवून लेकीला द्या. तिला वाघांचं तूप आवडेल.

आता करायचं काय. नवऱ्याचा संताप मला समजतो, पण रद्दीत टाकून काही निघणार नाही. चित्र तिच्या डोक्यात पोहोचलेलं आहे आणि पुस्तक नाहीसं झालं तर त्यावर बोलायचं नसतं एवढंच ती शिकेल. तिच्या कपाटातही ते नको. तुमच्या कपाटात ठेवा, मोठ्यांच्या पुस्तकांत. झोपताना वाचायचं ते पुस्तक नव्हे. एखाद्या रविवारी दिवसाउजेडी तेवढी एक गोष्ट काढा आणि तिला विचारत बसा: या मुलाचं नाव काय असेल? तो कुठे निघालाय? याला बोलायला मिळालं असतं तर काय म्हणाला असता? काढणाऱ्याने असा मुलगा कधी भेटून पाहिला असेल का? तिला हवं तर तिने त्याला सदरा काढून द्यावा, वेगळ्या कागदावर. त्या मुलासाठी वापरलेला जर्मन शब्द आज तिथे अपमानाचा मानला जातो, तो मोठ्याने वाचू नका आणि का वाचत नाही ते सांगा. शाळेत तिच्या तोंडून तो निघायला नको. काळी माणसं जर्मनीत तेव्हा होतीच कुठे, असं कुणी म्हणालं तर आंटोन विल्हेल्म आमोचं नाव सांगा. आजच्या घानाच्या किनाऱ्यावर जन्मलेला हा माणूस हॉफमनच्या शंभर वर्षं आधी हाले आणि येना इथल्या विद्यापीठांत तत्त्वज्ञान शिकवत होता.

अल्बमसमोर ठेवायला एक चित्र सुचवते. मलिक अंबर लेकीला ठाऊक आहे का? नसेल तर शिवाजीमहाराजांच्या गोष्टींच्या आधीची ही गोष्ट तिला सांगाच. इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, दख्खनमध्ये येऊन निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला, आज आपण छत्रपती संभाजीनगर म्हणतो ते खडकी शहर त्याने वसवलं, नहरींनी तिथे पाणी आणलं. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. हाशिम नावाच्या मुघल चिताऱ्याने काढलेलं त्याचं चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे, संकेतस्थळावर सहज दिसतं. काळाभोर, वयस्क, पांढऱ्या पोशाखातला, विचारात पडलेला एक माणूस. फेटा यातही आहे, पण या चित्रात आधी चेहरा दिसतो.

हे आपल्याच मातीतल्या चित्रकारांचं मोठेपण म्हणून मिरवू मात्र नका. त्याच मुघल दरबारात अबुल हसनने जहांगीरसाठी दुसरं चित्र काढलं: बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर टांगलेल्या अंबरच्या मुंडक्याला बाण मारतोय. प्रत्यक्षात जहांगीरला अंबर शेवटपर्यंत हरवता आला नाही. हे चित्र लेकीला आत्ता दाखवायचं नाही, पण तुम्ही दोघांनी जरूर पाहा.

शेजारच्या आजींशी बोला, आणि लवकर बोला. पुस्तक परत करू नका. भेट परत गेली की संबंधही जातो. त्यांना कॉफीला बोलवा आणि लेकीने काय विचारलं ते तसंच्या तसं सांगा, पुढे टिप्पणी न जोडता. वर्णद्वेष वगैरे शब्द पहिल्याच घोटाला काढलेत तर त्या स्वतःचा बचाव करत बसतील. नातीसारख्या मुलीचा प्रश्न ऐकला तर बहुधा त्याच अस्वस्थ होतील. त्यांचंही ऐका: लहानपणी ते पान बघताना त्यांना काय वाटायचं? शाईची भीती वाटायची की हसू यायचं? जमलं तर तिघी मिळून फ्रांकफुर्टच्या श्ट्रुव्वेलपेटर संग्रहालयात जा, तुम्हाला तर जवळच आहे. आजींनी मनाला लावून घेतलंच, तर थोडे दिवस जाऊ द्या. पण त्यांना वाईट वाटेल म्हणून लेकीने गप्प बसावं, हा सौदा मान्य करू नका.

शाळेत रंगकाम करताना फिकट गुलाबी पेन्सिललाच अंगाचा रंग म्हणतात का, तेही विचारून ठेवा. तिथे आता पुष्कळ कातडीरंगांच्या पेट्या मिळतात. एक विकत घ्या, एक वर्गाला द्या.

राहिल्या सासूबाई. पत्रातलं साय-बेसन तुम्ही ओघात लिहून गेलात, पण माझ्या मते सगळ्यात तातडीचं तेच आहे. दौत घेऊन उभा असलेला निकोलस पावणेदोनशे वर्षं जुना, पानात अडकलेला. आजी मात्र दर रविवारी पडद्यावर येते आणि तिचं म्हणणं लेकीला मायबोलीत कळतं. आपल्या बडबडगीतांतली वहिनीसुद्धा गोरीपानच लागते, लग्नाच्या जाहिरातींचं तर बोलायलाच नको. सासूबाईंच्या मनात वाईट काही नाही, हॉफमनच्याही नव्हतं. त्यांना स्पष्ट सांगायला हवं की मुलीच्या समोर रंग, उजळणं, ऊन लागून काळी होशील, यातलं काही बोलायचं नाही, साय खायची. हा फोन तुम्ही करू नका. यजमानांना करू द्या. आई त्यांची आहे, आणि पुस्तकं रद्दीत टाकण्याइतका जोर त्यांच्यात आहेच.